पहिल्या सिनेटची सिनिऑरिटी लिस्ट : कामाच्या नोंदी

२ जून

आजपासून सिनेटचा भाग माझ्याकडे आला. अमेरिकेची पहिली काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, ४ मार्च १७८९ ते ३ मार्च १७९१, हिचं पूर्ण टेबल मराठीत करायचं ठरलंय, हाऊसची (खालच्या सभागृहाची) लिस्ट दादा बघतायत आणि सिनेट (वरचं सभागृह) मी. कॉलम दादांनीच आखून दिलेत : रँक, नाव, राज्य, टर्म कधी सुरू झाली, आधीची पदं. जागा शेवटी शेवटी २६ झाल्या, मधे एक जण वारला, एकाने राजीनामा दिला, एकाला तात्पुरतं नेमलं होतं, असं सगळं धरून नावं होतात २९. एवढ्या छोट्या सभागृहाची लिस्ट म्हणजे पटकन होईल असं वाटतं, पण पहिल्याच कॉलमला गाडी थांबली.

रँक द्यायची कशी? आजच्या सिनेटचा नियम सरळ आहे, ज्याची सलग टर्म आधी सुरू झाली तो सिनियर. इथे मात्र २० जणांची टर्म एकाच दिवशी सुरू झालेली दाखवतात, ४ मार्च १७८९. त्यामुळे सिनेटच्या इतिहासाच्या यादीत हे वीस जण आडनावाच्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावलेत आणि पहिला नंबर येतो डेलावेअरच्या रिचर्ड बॅसेटचा, दुसरा साउथ कॅरोलिनाच्या पिअर्स बटलरचा. शेवटून पहिला पेन विंगेट, न्यू हॅम्पशरचा.

आता गंमत नाही, खरंच गंभीरपणे विचारते, बॅसेट ४ मार्चला तिथे होता का? उद्या सिनेटचं जर्नल, म्हणजे रोजच्या कामकाजाची अधिकृत नोंद, काढून बसते.

३ जून

नव्हता. बॅसेट २१ मार्चला आला. बटलर तर ८ जूनला. आणि विसावा विंगेट पहिल्याच दिवशी हजर होता.

हे वाचल्यावर हा कॉलम जसाच्या तसा भरायला मन तयार होईना. दादांना फोन केला, ते म्हणाले, "अगं, लोकांना नंबर हवा असतो, नंबर दिला की वाचतात." त्यांचं म्हणणं खोटं नाही, पण मी म्हटलं दादा तुम्ही मला थोडा वेळ द्या, आधी कोण कधी आला ते सगळं लावून बघते, मग नंबरचं ठरवू.

५ जून

४ मार्च १७८९, बुधवार, न्यू यॉर्क शहर, फेडरल हॉल. ही तारीख जुन्या कॉन्फेडरेशन काँग्रेसने (नव्या राज्यघटनेआधीची संसद) सप्टेंबर १७८८ मध्ये ठराव करून दिली होती, मार्चचा पहिला बुधवार. सिटी हॉलची इमारत पिअर लॉन्फाँने नव्याने सजवून दिलेली, सगळं तयार, आणि सिनेटर आले आठ.

जर्नलमधली नावं ज्या क्रमाने आहेत तशीच उतरवते : न्यू हॅम्पशरचे जॉन लँग्डन आणि पेन विंगेट, मॅसॅच्युसेट्सचे केलेब स्ट्राँग, कनेटिकटचे विल्यम सॅम्युएल जॉन्सन आणि ऑलिव्हर एल्सवर्थ, पेनसिल्व्हेनियाचे विल्यम मॅक्ले आणि रॉबर्ट मॉरिस, जॉर्जियाचे विल्यम फ्यू.

हा क्रम नीट बघा. अक्षरांचा नाही, वयाचा नाही, मोठेपणाचा तर नाहीच. उत्तरेकडून दक्षिणेकडे, नकाशावर बोट ठेवून खाली आणावं तसा. जुन्या कॉन्टिनेंटल काँग्रेसमध्ये राज्यांची मतं घ्यायची पद्धत अशीच होती, न्यू हॅम्पशरपासून सुरू करून जॉर्जियापर्यंत, आणि नव्या सभागृहाच्या क्लार्कच्या हाताला तेच वळण राहिलं असं दिसतं. म्हणजे त्या लोकांच्या डोक्यात काही क्रम असलाच तर तो राज्यांचा होता, माणसांचा नव्हता. आपण जो माणसांचा क्रम लावतोय तो नंतरच्या काळाने मागे जाऊन लावलेला आहे, आणि ही गोष्ट टेबलच्या डोक्यावर लिहिली गेलीच पाहिजे असं माझं ठाम मत झालंय.

६ जून

कोरम. अकरा राज्यांनी राज्यघटना मंजूर केली होती, नॉर्थ कॅरोलिना आणि रोड आयलंड अजून बाहेर. अकरा गुणिले दोन म्हणजे २२ जागा, अर्ध्याहून एक जास्त म्हणजे १२ माणसं पाहिजेत. इथे आठच. आपल्याकडे सोसायटीच्या सभेला कोरम नसला की अर्धा तास थांबतात आणि त्याच जागी सभा घेऊन टाकतात, तशी सोय या लोकांना नव्हती, घटनेतच लिहिलेलं की बहुमताशिवाय कामकाज नाही. मग रोज जमायचं आणि रोज तहकूब. ११ मार्चला गैरहजर मेंबर लोकांना पत्र गेलं की ताबडतोब या, १८ मार्चला पुन्हा एक गेलं. १९ ला न्यू जर्सीचे विल्यम पॅटरसन आले, नऊ. २१ ला बॅसेट, दहा. २८ ला न्यू जर्सीचेच जोनाथन एल्मर, अकरा. आणि मग बारावा माणूस यायला ६ एप्रिल उजाडला.

बारावा कोण तर व्हर्जिनियाचे रिचर्ड हेन्री ली. ७ जून १७७६ ला स्वातंत्र्याचा ठराव ज्यांनी मांडला तेच हे ली, आणि नव्या राज्यघटनेला ज्यांनी कडाडून विरोध केला तेही हेच. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने घटनेचे मोठे समर्थक जेम्स मॅडिसन यांना डावलून ली आणि विल्यम ग्रेसन या दोन विरोधकांना सिनेटवर पाठवलं होतं. म्हणजे ज्या घटनेला विरोध केला त्या घटनेखालचं सिनेट सुरू झालं ते या माणसाच्या हजेरीमुळे. त्याच दिवशी लँग्डनना सिनेटचे हंगामी अध्यक्ष केलं, राष्ट्राध्यक्षपदाची मतं मोजली, वॉशिंग्टनना सगळीच्या सगळी ६९ आणि जॉन अॅडम्सना ३४, आणि जुन्या काँग्रेसचे सचिव चार्ल्स थॉमसन वॉशिंग्टनना कळवायला त्यांच्या घरी, माउंट व्हर्ननला निघाले.

अक्षरांच्या यादीत ली चौदावे. हजेरीच्या यादीत बारावे. दोन नंबरचाच फरक, पण बारावं असण्याला जो अर्थ आहे तो चौदाव्या नंबरात कुठे दिसतच नाही.

९ जून

न्यू यॉर्कवर अख्खी संध्याकाळ गेली आणि ती जावी अशीच गोष्ट आहे. काँग्रेस भरली न्यू यॉर्क शहरात आणि न्यू यॉर्कचेच सिनेटर नाहीत! त्या काळी सिनेटर लोक थेट मतांनी निवडत नव्हते (ते १९१३ च्या सतराव्या दुरुस्तीनंतर आलं), राज्याचं विधिमंडळ निवडायचं. न्यू यॉर्कच्या विधिमंडळात दोन सभागृहं, खालच्यात घटनेचे विरोधक जास्त, वरच्यात समर्थक, आणि सिनेटर एकत्र बसून निवडायचे की प्रत्येक सभागृहाने वेगळं मत द्यायचं यावर दोघांचं जमेना. कुणी मागे हटलं नाही. याच भांडणापायी १७८९ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत न्यू यॉर्कचं एकही मत पडलं नाही. शेवटी निवडणुकीनंतरच्या नव्या विधिमंडळाने जुलैच्या मध्यावर दोघांना निवडलं, फिलिप स्कायलर आणि रुफस किंग. स्कायलर म्हणजे अलेक्झांडर हॅमिल्टनचे सासरे.

किंग २५ जुलैला, शनिवारी, येऊन बसले. स्कायलर २७ ला, सोमवारी. काही याद्यांत या दोघांची टर्म निवड झाल्याच्या तारखेपासून धरलीय आणि काहींत येऊन बसल्याच्या तारखेपासून. पहिलं धरलं तर दोघं बरोबरीत, दुसरं धरलं तर किंग दोन दिवसांनी सिनियर. मला त्रास इथे होतो : हजेरीचा नियम किंग आणि स्कायलरला लावायचा असेल तर बटलरला का नाही? बटलर जूनमध्ये आले तरी त्यांची टर्म ४ मार्चपासून मोजतात. एकाच यादीत दोन नियम चालतायत आणि यादी बघणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

अजून एक. विल्यम फ्यू हे जॉर्जियाचे, म्हणजे अकरा राज्यांत सगळ्यात लांबचे, आणि पहिल्या दिवशी हजर. किंग याच शहरात राहणारे, मॅसॅच्युसेट्स सोडून १७८८ मध्ये इथे स्थायिक झालेले, आणि त्यांना सभागृहात पाऊल ठेवायला जुलै संपत आला. अंतराचा, रस्त्यांचा, थंडीचा दोष सगळ्यांच्या बाबतीत देता येत नाही हे फ्यू आणि किंग यांच्या दोन रो शेजारी ठेवल्या की लगेच कळतं.

१० जून

दादांनी सुचवलं, शपथेची तारीख घे, आपल्याकडे खासदार शपथ घेतो तेव्हाच कामकाजात भाग घेऊ शकतो, तसं. चांगला मुद्दा होता म्हणून लगेच तपासला. पण शपथेचा कायदाच तेव्हा नव्हता! घटनेत म्हटलेलं की शपथ किंवा प्रतिज्ञा घ्यायची, पण शब्द काय आणि देणार कोण हे ठरवणारा कायदा या काँग्रेसने स्वतः केला, तो तिचा पहिलाच कायदा, वॉशिंग्टननी सही केली १ जून १७८९ ला. जूनच्या पहिल्या आठवड्यात हजर असलेल्या सगळ्यांनी एकत्र शपथ घेतली. म्हणजे मार्चपासून जूनपर्यंत अध्यक्षाची मतं मोजली, नियम केले, राष्ट्राध्यक्षांना काय म्हणून संबोधायचं यावर वाद घातले, आणि हे सगळं शपथेविना. शपथेवर सिनिऑरिटी मोजायचा रस्ता बंद.

१२ जून

आजचे टाय फोडायचे नियम त्या वीस जणांना लावून बघितले, फक्त काय निघतं ते बघायला. आज दोघांची तारीख एकच असली तर आधी बघतात पूर्वी सिनेटर होता का, मग उपराष्ट्राध्यक्ष, मग हाऊसचा मेंबर, मग मंत्री, गव्हर्नर, आणि तरी नाही सुटलं तर राज्याची लोकसंख्या.

पहिले चार निकष इथे चालतच नाहीत, कारण ही पदं आत्ता जन्माला येतायत. कॉन्टिनेंटल काँग्रेसमध्ये यातले कितीतरी जण होते, ली तर तिचे अध्यक्ष होते, पण ती संस्था वेगळी म्हणून ते धरत नाहीत. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही असलेले चार जण या सिनेटमध्ये बसले, ली, रॉबर्ट मॉरिस, जॉर्ज रीड आणि चार्ल्स कॅरोल, आणि त्याचे मार्क शून्य.

गव्हर्नर धरलं तर लँग्डन वर येतात, कारण ते न्यू हॅम्पशरचे प्रमुख होते, पण तिथे त्या पदाला तेव्हा प्रेसिडेंट म्हणत. डेलावेअरचे रीड काही महिने तिथले हंगामी प्रेसिडेंट होते, ते धरायचं का? आणि लोकसंख्या धरली तर व्हर्जिनिया सगळ्यात मोठं, ली आणि ग्रेसन वर जातात. फक्त पहिली जनगणना झाली ऑगस्ट १७९० मध्ये. १७८९ च्या मार्चमधली सिनिऑरिटी १७९० च्या जनगणनेवर ठरवायची, आणि तीही ग्रेसनसाठी, जे २१ मेला येऊन पोचले. हा रस्ता मी टेबलमध्ये घेणार नाही. तळटीप म्हणूनसुद्धा नाही, कारण असा आकडा एकदा छापला की लोक तोच उचलतात.

१६ जून

चिठ्ठ्या! या कामातला मला सगळ्यात आवडलेला भाग हा, त्यामुळे इथे सविस्तर लिहितेय.

घटनेत होतं की सिनेटचे तीन वर्ग करायचे, पहिल्या वर्गाची जागा दुसऱ्या वर्षाअखेर रिकामी, दुसऱ्याची चौथ्या वर्षाअखेर, तिसऱ्याची सहाव्या, म्हणजे पुढे दर दोन वर्षांनी एक तृतीयांश माणसं बदलतील आणि सभागृह कधीच एकदम रिकामं होणार नाही. पण कुणाला दोन वर्षं आणि कुणाला सहा हे कोण ठरवणार? वयाने? अनुभवाने? राज्याच्या आकाराने? सिनिऑरिटी नावाची गोष्ट त्यांच्या मनात थोडी जरी असती ना तर ती इथे बाहेर यायला हवी होती, कारण वाटायला एवढी मोठी गोष्ट पुढे दुसरी कुठली नव्हती. त्यांनी ती वापरली नाही. आधी वीस नावांचे तीन गट केले, एका राज्याचे दोघं एका गटात येणार नाहीत याची काळजी घेऊन. एका गटात लँग्डन, जॉन्सन, मॉरिस, जॉन हेन्री, राल्फ इझार्ड आणि जेम्स गन असे सहा. दुसऱ्यात विंगेट, स्ट्राँग, पॅटरसन, बॅसेट, ली, बटलर, फ्यू असे सात. तिसऱ्यात ट्रिस्ट्रम डॉल्टन, एल्सवर्थ, एल्मर, मॅक्ले, रीड, कॅरोल आणि ग्रेसन, हेही सात. मग एक, दोन, तीन लिहिलेले सारख्या मापाचे कागद गुंडाळून पेटीत टाकले, आणि १५ मे १७८९ ला प्रत्येक गटातर्फे एकाने चिठ्ठी काढली.

डॉल्टनला आला एक. विंगेटला दोन. लँग्डनला तीन.

डॉल्टननी चिठ्ठी उघडली आणि सात जणांची टर्म दोन वर्षांवर आली. त्यातले ग्रेसन तर अजून न्यू यॉर्कला पोचलेलेच नव्हते. गन आणि बटलर हेही नव्हते, गनना न येताच सहा वर्षं मिळाली. पेनसिल्व्हेनियाच्या दोघांचं बघा, मॉरिसना सहा आणि मॅक्लेना दोन, दोघंही ४ मार्चला हजर असलेले. मॅक्लेंची टर्म ३ मार्च १७९१ ला संपली, त्यांना पुन्हा निवडलं नाही, आणि पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात एकमत होईना म्हणून ती जागा १७९३ पर्यंत रिकामी पडली. डॉल्टन आणि एल्मरही परत आले नाहीत. मॅक्लेंचं जाणं मला जास्त लागतं कारण तेव्हाचं सिनेट बंद दाराआड चालायचं, प्रेक्षकांची गॅलरी १७९५ च्या डिसेंबरपर्यंत उघडली नव्हती, आणि आत नक्की कोण काय बोलत होतं हे आज आपल्याला एवढं कळतं ते मुख्यतः मॅक्ले रोज रात्री लिहीत असलेल्या डायरीमुळे. म्हणजे चिठ्ठीत तीन आला असता तर चार वर्षं अजून.

टेबलमध्ये वर्ग हा कॉलम घालतेय. दादांच्या मूळ आखणीत तो नव्हता, पण या सभागृहात माणसा-माणसात अधिकृतपणे केलेला भेद म्हणजे हा एकच.

१७ जून

चिठ्ठ्यांवरून आपल्या राज्यसभेची आठवण होणारच. तिथेही १९५२ मध्ये हाच प्रश्न आला, सगळे एकदम निवडून आलेले आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त व्हायला हवेत, आणि तिथेही काहींच्या टर्म कमी करून चिठ्ठ्या टाकूनच ठरवलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई राज्यातून ३ एप्रिल १९५२ पासून राज्यसभेवर होते आणि त्यांची पहिली टर्म २ एप्रिल १९५६ ला संपली, चार वर्षांत. ३ एप्रिल १९५६ पासून ते पुन्हा मेंबर झाले. अनेक जण मला विचारतात राज्यसभेची टर्म सहा वर्षांची मग बाबासाहेबांची चार कशी, त्याचं उत्तर हेच आहे.

आणि वयाच्या ज्येष्ठतेचं उदाहरण आपल्या संविधान सभेत आहे, ९ डिसेंबर १९४६ ला पहिल्या बैठकीला सर्वांत वयोवृद्ध सदस्य म्हणून सच्चिदानंद सिन्हांना तात्पुरते अध्यक्ष केलं, मग ११ तारखेला डॉ. राजेंद्र प्रसाद निवडले गेले. न्यू यॉर्कमध्ये ६ एप्रिल १७८९ ला वयाचा विचार झाला असता तर खुर्ची बहुतेक जॉन्सनना मिळाली असती, ते ६१ वर्षांचे. पण त्यांनी लँग्डनना निवडून दिलं, वय ४७.

हे आपल्या टेबलात जाणार नाही, विषय अमेरिकेचा आहे. प्रस्तावनेत दोन ओळी टाकता येतील.

२० जून

उशिरा आलेली राज्यं.

नॉर्थ कॅरोलिनाने घटना मंजूर केली २१ नोव्हेंबर १७८९ ला आणि लगेच सिनेटर निवडले, सॅम्युएल जॉन्स्टन आणि बेंजामिन हॉकिन्स. दोघं जानेवारी १७९० मध्ये येऊन बसले, हॉकिन्स आधी, जॉन्स्टन नंतर. अक्षरांनी हॉकिन्स आधी, हजेरीनेही हॉकिन्स आधी, पण जॉन्स्टन राज्याचे गव्हर्नर होते त्यामुळे आजचा नियम लावला तर जॉन्स्टन वर. रोड आयलंडने २९ मे १७९० ला मंजुरी दिली, तेरापैकी सगळ्यात शेवटी, आणि थिओडोर फॉस्टर व जोसेफ स्टँटन जून संपायच्या आत आले.

या सगळ्यांनाही चिठ्ठ्या काढाव्या लागल्या. न्यू यॉर्कच्या वेळी तिसऱ्या वर्गात एक माणूस कमी होता म्हणून दोघांपैकी एकाला तिथे जाणं भागच होतं, आधी एका कागदावर तीन लिहून आणि दुसरा कोरा ठेवून दोघांना उचलायला लावले, तीन किंगना आला. मग स्कायलरनी एक आणि दोनमधून चिठ्ठी काढली, त्यांना एक आला, आणि १७९१ मध्ये त्यांच्या जागी ॲरन बर निवडून आले. पुढे जॉन्स्टन दुसऱ्या वर्गात, हॉकिन्स तिसऱ्यात, फॉस्टर पहिल्यात, स्टँटन दुसऱ्यात. बेरीज करून बघितली : ९, ९, ८. एकूण २६, जुळलं.

व्हर्मॉंट ४ मार्च १७९१ ला राज्य झालं, म्हणजे दुसऱ्या काँग्रेसमध्ये. आपल्या टेबलाच्या बाहेर.

२२ जून

बदललेली माणसं, थोडक्यात. ग्रेसन १२ मार्च १७९० ला वारले, सिनेटमधला पदावर असताना झालेला पहिला मृत्यू. त्यांच्या जागी जॉन वॉकर ३१ मार्चपासून, तात्पुरते, नोव्हेंबरपर्यंत. मग जेम्स मन्रो, हो तेच, पुढचे राष्ट्राध्यक्ष. पॅटरसन न्यू जर्सीचे गव्हर्नर झाले म्हणून नोव्हेंबर १७९० मध्ये सिनेट सोडलं, त्यांच्या जागी फिलेमन डिकिन्सन. तोवर राजधानी फिलाडेल्फियाला हलली होती, तिसरं अधिवेशन ६ डिसेंबर १७९० ला तिथे सुरू झालं.

जागा जुनी पण माणूस नवा, तेव्हा सिनिऑरिटी शून्यापासून. वर्ग मात्र जागेला चिकटलेला राहतो, मन्रोंना ग्रेसनचा पहिला वर्ग मिळाला, म्हणजे ती टर्म मार्च १७९१ मध्येच संपणार होती. दोन्ही कॉलम वेगळे ठेवण्याचं आणखी एक कारण.

२५ जून

मूळ प्रश्न. त्या काळात सिनियर असण्याचा काही उपयोग होता का? मला शोधूनही सापडत नाही असं नाही, उत्तर स्पष्ट आहे : या सिनेटने एप्रिल १७८९ मध्ये जे नियम केले त्यात समित्या मतपत्रिकेने निवडायच्या असं ठरलं. ज्याला मतं जास्त तो समितीत. समित्याही कामापुरत्या, काम झालं की विसर्जित. कायमस्वरूपी समित्या सिनेटने केल्या डिसेंबर १८१६ मध्ये आणि समितीत सगळ्यात जुना मेंबर अध्यक्ष ही रीत तर त्याच्याही नंतर, पक्ष समित्यांच्या याद्या बनवायला लागले तेव्हा रुजली. हंगामी अध्यक्षपद बहुमतातल्या सर्वांत जुन्या सिनेटरला देण्याची आजची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतरची. पहिल्या सिनेटमध्ये वजन कुणाचं होतं तर एल्सवर्थचं, न्यायव्यवस्थेच्या १७८९ च्या कायद्याचा मसुदा मुख्यतः त्यांच्या हातचा, आणि अक्षरांच्या यादीत ते पाचवे आहेत याचा त्या वजनाशी काडीचा संबंध नाही.

म्हणून माझा निर्णय झाला. पहिल्या वीस जणांना वेगवेगळी रँक द्यायची नाही.

२६ जून

दादांशी बराच वेळ बोलणं झालं. त्यांचा मुद्दा असा की दुसरीकडे सगळीकडे बॅसेट एक नंबरला आहेत, आपल्याकडे तो नंबर नसला तर वाचणाऱ्याला वाटेल आपणच माहिती गाळली. हे मला पटलं. मग असं ठरलं : रँकच्या कॉलममध्ये वीसही जणांपुढे "१ (बरोबरीत)", त्यानंतर एकविसावा किंग. शेजारी एक बारीक कॉलम "वर्णक्रम", त्यात प्रचलित नंबर, म्हणजे बॅसेट १, विंगेट २०. त्याच्या शेजारी "प्रत्यक्ष हजर" तारीख. आणि टेबल उघडताना रो लागतील त्या हजेरीच्या तारखेने. एका दिवशी आलेल्यांमध्ये जर्नलचा उत्तर-दक्षिण क्रम, कारण तो त्यांचा स्वतःचा आहे. किंग आणि स्कायलर यांच्यापुढे निवडीचा महिना आणि हजेरीची तारीख दोन्ही.

दादा म्हणाले, "तुझं बरोबर आहे, फक्त वर चार ओळींत समजावून लिही, नाहीतर मला रोज फोन येतील." लिहिते.

२९ जून

टेबल भरून झालं. लावल्यावर सगळ्यात वर लँग्डन, त्यांच्या खाली विंगेट, मग स्ट्राँग, जॉन्सन, एल्सवर्थ, मॅक्ले, मॉरिस, फ्यू. हे आठ जण एकत्र वर बसलेले बघून फार समाधान वाटलं. रोज येऊन, बारा होत नाहीत म्हणून परत जाऊन, दुसऱ्या दिवशी पुन्हा येणारी ही माणसं होती, आणि महिनाभर त्यांनी ते केलं.

"पुढे काय" कॉलममध्ये विंगेटपुढे लिहिलंय : पहिल्या सिनेटमधले सगळ्यात शेवटी हयात असलेले, निधन मार्च १८३८, वय ९८. कॅरोलपुढे : स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी शेवटचे हयात, निधन नोव्हेंबर १८३२. जॉन्सनपुढे : कोलंबिया कॉलेजचे अध्यक्ष, राजधानी फिलाडेल्फियाला गेल्यावर मार्च १७९१ मध्ये सिनेट सोडलं, कॉलेज ठेवलं.

१ जुलै

प्रस्तावनेच्या चार ओळींच्या अकरा झाल्या, दादांनी तीन कापल्या, राज्यसभेचा उल्लेख ठेवला. नावांचे उच्चार ताईंनी तपासून दिले, फाईल त्यांच्याकडे सोपवली.

हाऊसच्या लिस्टमध्ये दादांना तोच प्रश्न येणार आहे, फक्त मोठा. तिथे ४ मार्चला तेरा जण होते, कोरम झाला १ एप्रिलला, तीस जण, आणि त्याच दिवशी फ्रेडरिक म्युलेनबर्ग स्पीकर. रोड आयलंडचे एकमेव मेंबर बेंजामिन बोर्न आले डिसेंबर १७९० मध्ये, टर्म संपायला तीन महिनेही नव्हते. तिथे चिठ्ठ्या नाहीत, वर्ग नाहीत, त्यामुळे हजेरीच्या तारखेचा कॉलम तिथे जास्तच लागेल. दादांना म्हटलंय पहिल्या तीस जणांच्या तारखा मी काढून देते, सोमवारी सुरू करते.